बिनआहेराचं लग्न

पोह्यांच्या बशा अजून उचलल्याही नव्हत्या, तेवढ्यात दीपमालाने आहेराचा विषय काढला.

बाकी सगळं ठरलेलं होतं. लग्न नोंदणी पद्धतीने होणार होतं, नोटिशीची मुदतही संपत आली होती. दुपारी जवळच्या माणसांपुरतं जेवण, आणि त्यातून वाचतील ते पैसे दीपमाला आणि अश्विनच्या घराच्या पहिल्या भरण्यात. अश्विनचे वडील लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. आयुष्यभर दुसऱ्याचा पैसा जपलेला माणूस तो, त्यांनी हा बेत ऐकताक्षणी मान डोलावली होती. राहिला होता तो आहेर.

"कुणी कुणाला काही द्यायचं नाही," दीपमाला म्हणाली. "आपण नाही, त्यांनी नाही, पाहुण्यांनीही नाही. साडी नाही, टॉवेल-टोपी नाही, पाकीट नाही. यायचं, जेवायचं, आशीर्वाद द्यायचा."

संजनाने बशा गोळा करता करता लेकीकडे पाहिलं. तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही, पण आतून तिला हलकं वाटलं होतं. इंदिरानगरातल्या ह्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी तिचं शिलाईचं मशीन होतं. लग्नसराईत साड्यांना फॉल-पिको करून देण्यात तिची अर्धी हयात गेली होती, त्यामुळे आहेराची साडी तिला नुसत्या हाताला कळायची. खळ कडक, रंग भडक, आणि घडी एकदा मोडली की पुन्हा बसणार नाही अशी. बायका असल्या साड्यांना फॉलसुद्धा लावत नाहीत. घेतात, पिशवीत घालतात आणि पुढच्या लग्नाची वाट बघतात.

तिच्या स्वतःच्या कपाटात तळाला अशीच एक बॅग होती, देण्याघेण्याच्या साड्यांची. प्रत्येक साडीला टाचणीने चिठ्ठी लावलेली, कुणी दिली, कुणाच्या लग्नात दिली. एकदा एक चिठ्ठी गळून पडली आणि धाकट्या जावेच्या, राखीच्या आईने दिलेली साडी फिरून राखीच्या आईच्याच ओटीत गेली. आता राखी तो किस्सा हसून सांगायची. तेव्हा अख्खी दिवाळी तिने फोन केला नव्हता.

गोरक्षचा, म्हणजे संजनाच्या नवऱ्याचा पगार एका खाजगी शाळेच्या कारकुनाचा. तो कधी वेळेवर व्हायचा, कधी दोन महिन्यांचा एकदम. तरी संजनाने घराला कधी ओढाताण जाणवू दिली नव्हती. ती चैत्रात वर्षाचे गहू भरायची. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात उन्हं कलल्यावर जायची, कारण तेव्हा शेतकऱ्यांना परतीची घाई असते आणि भाजी निम्म्यात मिळते. मुलीच्या क्लासची फी मशीनवर निघायची. हे सगळं बसवलेलं गणित दर उन्हाळ्यात एकाच गोष्टीने ढासळायचं, लग्नाच्या तिथी. एकेका दिवशी तीन-तीन पत्रिका, आणि कुठेही रिकाम्या हाताने जाता येत नाही.

म्हणून दीपमालाचं बोलणं तिला पटलं. पण पहिला विरोध झाला तो राखीकडूनच.

राखी आणि तिचा नवरा ललित, गोरक्षचा धाकटा भाऊ, पाथर्डी फाट्याहून मुद्दाम ह्या बैठकीला आले होते. ललित अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर. तो बोलायचा कमी आणि राखी त्याची कसर भरून काढायची. ती म्हणाली, विचार चांगला आहे, पण आजवर आपण दिलं त्याचं काय? तिने नावं घेऊन सांगितलं, कुणाच्या साखरपुड्याला काय नेलं, कुणाच्या वास्तुशांतीला काय. आता घरातलं पहिलं कार्य, आता कुठे ते परत यायची वेळ, आणि आपणच दार लावून घ्यायचं. उद्या आमच्या आयुषच्या लग्नात लोक म्हणतील, ह्यांच्याकडे आहेर बंद असतो, चला मोकळ्या हाताने.

"काकू, परत काय येणार आहे? साड्याच ना?" दीपमाला म्हणाली. "आईच्या बॅगेत अजून जागा आहे का विचार."

ललितला हसू आलं. राखीने त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने ते पोह्याच्या घासाबरोबर गिळलं. मग तोही म्हणाला की पोरगी म्हणते ते खरं आहे, कुणीतरी कधीतरी थांबवायलाच हवं. नवरा फुटलेला पाहून राखीने संजनाकडे बघितलं. संजना लेकीच्या बाजूची आहे हे तिला कळलं. गोरक्ष नेहमीप्रमाणे गप्प होता. घरात दोन मतं झाली की तो वर्तमानपत्राची घडी अधिकाधिक लहान करत बसायचा.

अशा वेळी निकाल द्यायचा तो सासूबाईंनी, विठाबाईंनी. पण त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. सगळ्यांच्या नजरा आपोआप आक्कांकडे वळल्या.

आक्का म्हणजे भागीबाई, गोरक्ष आणि ललितची थोरली बहीण. वणीला दिलेली. आईच्या माघारी घरात मोठी आता तीच. ती कालच एसटीने आली होती, घरचे मनुके, तुरीची डाळ आणि कोथिंबिरीची मोठी जुडी घेऊन. चार दिवस राहून कुरडया घालून द्यायच्या असा तिचा बेत होता आणि त्यासाठी तिने रात्रीच गहू भिजत घातले होते. सोफा मोकळा असून ती खाली भिंतीला टेकून कोथिंबीर निवडत बसली होती.

"बरं केलं पोरी," आक्का म्हणाली. "नुसती उठाठेव असती ती. ह्याची साडी त्याला, त्याची टोपी ह्याला. पैसा राहिला तर तुमच्या घराला चार विटा जास्त लागतील."

बैठकीतला ताण एकदम सुटला. राखीनेही हात झटकले. मोठ्या नणंदेलाच चालत असेल तर आपण कशाला वाईट व्हा, असं तिचं झालं. उठता उठता ती थट्टेने म्हणाली, "आक्का, मग तुमचा माहेरचा आहेरपण बंद हं."

"हां मग," आक्का कोथिंबिरीची देठं गोळा करत म्हणाली. "मी काय वेगळी हाय का?"

दुपारची जेवणं झाली. ललित-राखी गेले. संजना ओटा पुसून बाहेर आली तर आक्का आपली पिशवी भरत होती. राजचा, म्हणजे तिच्या मुलाचा फोन आला होता म्हणे, टोमॅटो तोडायला माणसं येणार आहेत, सून एकटी पडेल. संजनाने विचारलं, भिजत घातलेल्या गव्हाचं काय? आक्काने तिला गहू कसे वाटायचे, चीक कसा गाळायचा ते सांगायला सुरुवात केली, जणू संजनाने कधी कुरडया पाहिल्याच नव्हत्या. बोलताना ती पिशवीच्या बंदाला गाठी मारत होती आणि वर बघत नव्हती.

गोरक्ष म्हणाला, काम असेल तर जाऊ दे तिला. पण आक्का सकाळपासून फोनवर बोललेली संजनाने पाहिली नव्हती. तिने चपला घातल्या आणि म्हणाली, चला, मी येते सीबीएसपर्यंत.

रिक्षा करू दिली असती तर त्या आक्का कसल्या. सिटीबसने दोघी जुन्या सीबीएसवर, एसटी स्टँडवर पोहोचल्या. वणीची गाडी लागायला वेळ होता. उन्हातून आलेल्या बायका बाकावर पदराने वारा घेत बसल्या होत्या. संजनाने उसाचा रस आणला. आक्काने निम्मा पिऊन ग्लास तिच्याकडे सरकवला.

"आक्का, तुमचं मन दुखलंय," संजना म्हणाली. "साडीचं मनावर घेतलं असेल तर मी घेते एक. कुणाला सांगायचं नाही."

"साडी नको गं मला." आक्का हसली. "आमची सूनबाई म्हणती, आई, तुमच्या कपाटाचं दार लागंना. तुम्हीच सगळ्यांनी दिलेल्या."

"मग?"

शेगावची गाडी गेली, धुळ्याची लागली. मग आक्का सांगायला लागली, आणि बोलताना तिचा आवाज जराही चढला नाही.

ती म्हणाली, घरात, भावकीत कुठलंही लग्न निघालं की ती चार दिवस आधी यायची. भांडी, तांदूळ निवडणं, पाहुण्यांचं चहापाणी, सगळं मागच्या बाजूला. लग्न लागायचं तेव्हाही ती मागेच कुठेतरी. पण आहेराच्या वेळेला कुणीतरी मांडवात उभं राहून नाव पुकारायचं. मुलाची आत्या, भागीबाई, माहेरचा आहेर. मग तिने हात पुसत पुढे यायचं, पाटावर उभं राहायचं, आई कुंकू लावायची, भाऊ साडी हातात द्यायचा, आणि सगळा मांडव बघायचा की ही ह्या घरातली आहे.

"वणीला मला कोणी भागी म्हणत नाय. राजची आई, नायतर सावळीरामची बायको. माझं नाव हितंच होतं." तिने पिशवी मांडीवर नीट घेतली. "सातबाऱ्यावरचं माझं नाव मी माझ्या हातानं काढून दिलं. त्याचं मला काय नाय, खरंच सांगते. भावांची घरं झाली, लय चांगलं झालं. मला वाटायचं, कागदावर नसंना, मांडवात तरी हाय. आता मांडवच नाय."

वणीची गाडी लागली. आक्का चटकन उठली, जागा धरायला. खिडकीतून तिने संजनाला सांगितलं की पोरीला यातलं काही बोलू नकोस, ती शहाणी आहे, तिचं बरोबर आहे. वर हसून म्हणाली, बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून येणं-जाणं काही जड नाही, लग्नाला येईनच. सकाळी येईन, संध्याकाळी जाईन.

पाहुण्यासारखं. हे तिने म्हटलं नाही, पण संजनाने ते ऐकलं.

परतीच्या बसमध्ये संजनाला हक्कसोडीचा दिवस आठवत राहिला. सासऱ्यांची, बहिरूबाबांची पाथर्डी शिवारात दीड एकर जमीन होती. झेंडू, शेवंती, कडेला मेथी-पालक. बाबा गेले, शहर शिवारापर्यंत आलं, जमिनीला भाव आला. वारस म्हणून आक्काचंही नाव लागलं होतं. तिने एका सकाळी येऊन सही करून दिली. ती जमीन विकून दोन्ही भावांचे फ्लॅट झाले. संजना त्या दिवशी नोंदणीच्या ऑफिसात गेली नव्हती. तिने घरी पुरणपोळ्या केल्या होत्या. आक्का दोन पोळ्या तुपाबरोबर जेवली, सासूबाईंनी तिला हिरवी साडी नेसवली, आणि संध्याकाळी ती गेली. सगळं रीतीप्रमाणे झालं असंच तेव्हा संजनाला वाटलं होतं. पुढे ती आणा-आण्याचा हिशेब लावून घर चालवायची आणि आपण किती काटकसरी आहोत याचा तिला अभिमानही होता. पण ज्या घरात ती काटकसर चालली होती, ते घर कुणाच्या वाट्यातून आलं हे तिने कधी कुठल्या बाजूला मांडलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिने आक्काचं ऐकलं नाही. गोरक्ष आणि दीपमाला दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं.

गोरक्षने वर्तमानपत्र हातात घेतलं नाही. तो भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत बसला. दीपमालाचे डोळे भरले. आत्यानेच तिला लहानपणी महिना-महिना वणीला नेऊन ठेवलं होतं, द्राक्षाच्या मांडवाखाली झोके बांधून दिले होते. पण ती आईसारखीच होती, एकदा आखलेलं बिघडू द्यायचं नाही. ती म्हणाली, आत्यासाठी नियम मोडला तर अश्विनच्या आत्याने काय घोडं मारलंय? मग राखीकाकूंच्या आईला का नाही? एका साडीतून दहा साड्या निघतात, आणि आपण पुन्हा तिथेच.

"मी साडीचं म्हणतच नाही," संजना म्हणाली. "त्यांनाही साडी नकोय."

"मग काय करायचं? मांडव घालायचा का, नुसतं नाव पुकारायला?"

संजना उठली, भिजलेले गहू बघून आली, त्यांचं पाणी बदललं. परत आली तेव्हा तिने विचारलं, "तिथं ऑफिसात सह्या कुणाच्या लागतात गं?"

दीपमालाने सांगितलं, तिची, अश्विनची, आणि तीन साक्षीदारांच्या. साक्षीदार ठरले होते. अश्विनचे वडील, त्याचा एक मित्र, आणि इकडून ललितकाका. सांगता सांगताच ती थांबली आणि आईकडे बघायला लागली. गोरक्षनेही मान वळवली.

"ललितला काय सांगायचं?" तो म्हणाला. बैठकीपासूनचं ते त्याचं दुसरं वाक्य असावं.

प्रश्न खरा होता. साक्षीदाराच्या सहीसाठी ललितने नवा शर्ट शिवायला टाकला होता आणि कंपनीत दहा जणांना सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी संजनाने जीव मुठीत धरून फोन केला, तो उचलला राखीने. संजनाला वाटलं, झालं, आता आहेरावरून सुरुवात होणार. तिने घडलं ते सगळं सांगून टाकलं, सीबीएसवरचं बोलणं जसंच्या तसं.

"ताई," राखी म्हणाली, "माहेरी चांदोरीला मीही सही करून दिलीय. माझ्या भावांना. काल मी आक्कांना ते थट्टेत बोलले ना, तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही." मग तिचा नेहमीचा आवाज परतला. "ह्यांना विचारायचंच नाही. मी सांगते. शर्ट घालून फोटोत उभे राहतील, तेवढं पुरे."

ललितने, राखीच्या सांगण्याप्रमाणे, एक अख्खा चहा न बोलता प्यायला आणि मग म्हणाला, आक्काचंच नाव पहिलं यायला हवं होतं, आपल्याला सुचलं कसं नाही.

आक्काला फोनवर सांगायचं नाही असं गोरक्षने स्वतःहून ठरवलं. बहिणीला बोलावणं करायला भावाने जावं लागतं, तो म्हणाला. रविवारी सकाळी त्याने मोटरसायकल काढली आणि संजना मागे बसली. वणी जवळ आली, डोंगर दिसायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी ऑफिसात मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिने सही करताना माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत राहिलो."

संजनाने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती.

आक्का टोमॅटोच्या वावरातून आली, हात हिरवे झालेले. दोघांना अचानक दारात पाहून आधी घाबरलीच, कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना. सावळीरामदाजींनी खाट टाकली, सुनेने पाणी दिलं. गोरक्षने खिशातून कुंकवाची पुडी काढली, बहिणीच्या कपाळाला लावलं आणि अक्षता तिच्या हातावर ठेवल्या. मग त्याने सांगितलं की दीपमालाच्या लग्नाला आपल्याकडून साक्षीदाराची सही तिने करायची आहे.

आक्का हातावरच्या अक्षतांकडे बघत राहिली.

"माझी सही?" ती म्हणाली. "माझी सही तू बघितलीय गोरक्ष."

"बघितलीय. म्हणूनच आलो."

सून चुलीपाशी थबकली. दाजींनी खोकल्यासारखं केलं. संजनाला वाटलं, आता आक्का रडेल, किंवा इतक्या वर्षांचं काहीतरी बोलेल, आणि बोलली तर ते ऐकून घ्यायला हवं. तिने पदर सावरून बसण्याची तयारीही केली. पण आक्का उठली, कोनाड्यातून चष्मा घेऊन आली आणि उजेडात धरून म्हणाली, "ह्याची काडी तुटलीय. ती बसवून घ्यावी लागंल."

त्या दुपारी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना आक्काने संजनाला बाजूला घेऊन विचारलं की कुरडया जमल्या का. संजनाने खरं ते सांगितलं, चीक पातळ झाला, निम्म्या मोडल्या. आक्काला मनापासून आनंद झाला. तरी मी म्हणत होते, ती म्हणाली, लग्नाच्या आठ दिवस आधी येते, दुसऱ्या घालू.

आणि ती आली. आठ दिवस गच्चीवर कुरडयांचे पांढरे गोल वाळत होते आणि राखी रोज पाथर्डी फाट्याहून त्यांना राखायच्या निमित्ताने येऊन बसत होती. जेवणाचा बेत आक्कानेच आखला. पंगतीला कमी माणसं म्हणून आचारी सांगायचाच नाही, आम्ही तिघी करतो, असं तिने जाहीर केलं. त्यात वाचलेल्या पैशांचं काय करायचं यावरून तिघींचं एक मोठं भांडण झालं. ते दीपमालाने आपल्या घराच्या नावावर जमा करून मिटवलं.

लग्नाच्या दिवशी नोंदणीच्या ऑफिसात बाकं भरलेली होती. कुणी घराच्या कागदांसाठी आलेलं, कुणी करारासाठी, मध्येच मुंडावळ्या बांधलेली एक-दोन जोडपी. अश्विनचे वडील आधार कार्डांची थप्पी पुन्हा पुन्हा तपासत होते. ललित नव्या शर्टात फोटो काढत होता. दीपमाला साध्या सुती साडीत होती आणि तिला सारखं हसू येत होतं. आक्काने मात्र दोनदा पाणी मागितलं. ऑफिस दुसरं होतं, इमारत दुसरी, पण टेबलं, शाईचं पॅड आणि भिंतींचा रंग सारखाच असावा, कारण आत पाऊल टाकताच तिने संजनाचा दंड धरला होता आणि अजून सोडला नव्हता.

नवरानवरीच्या सह्या झाल्या. अश्विनच्या वडिलांची झाली, मित्राची झाली. मग टेबलामागच्या कारकुनाने कागदावर बोट ठेवलं आणि बाकांवरच्या गलक्यातून ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "मुलीकडच्या साक्षीदार, भागीबाई सावळीराम गांगुर्डे."

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. आक्काने संजनाचा दंड सोडला.

"हाय," ती म्हणाली, शाळेत हजेरी द्यावी तशी, आणि पुढे गेली.

"मुलीच्या कोण तुम्ही?" कारकुनाने विचारलं.

"आत्या," आक्का आणि दीपमाला एकदमच म्हणाल्या.

कारकुनाने तिचं वय पाहून शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठा चालेल मावशी, तो म्हणाला. आक्काने पॅड बाजूला केलं, चष्मा लावला आणि पेन हातात घेतलं. चौथीपर्यंत शिकलेलं तिचं अक्षर, एकेक वळण सुटं. वरचा पंखा जोरात फिरत होता आणि कागदाचा कोपरा सारखा उडत होता. ती दोनदा थांबली.

तेव्हा गोरक्ष मागून पुढे आला आणि त्याने आपला तळहात कागदावर दाबून धरला. आक्काने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. मग तिने पुन्हा पेन टेकवलं आणि नाव पूर्ण केलं, शेवटच्या अक्षरावरची रेघ मागे जाऊन नीट ओढली.

सही झाली तरी गोरक्षचा हात कागदावर तसाच होता. मागची जोडपी चुळबुळ करायला लागली. शेवटी कारकून म्हणाला, साहेब, कागद द्या.

"उचल रे हात," आक्का त्याला म्हणाली. "त्यांना कामं हायती."

आणि तिने स्वतःच त्याचा हात कागदावरून उचलला आणि आपल्या हातात धरून ठेवला.